शिकलगार सरांनी मागे घेतलेला निकाल

स्पर्धेच्या नियमांचा छापील कागद प्रत्येकाच्या हातात असायचा, तरी शिकलगार सर उभे राहून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, ते नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचे. पोरं चुळबुळ करायची. मागून कुणीतरी हळूच "चला पुढं" म्हणायचं. सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. वाचून झालं की कागदाची घडी घालून म्हणायचे, "समजलं न्हाई त्यानं आत्ता विचारा. उद्या संध्याकाळी विचारलं तर उत्तर हेच मिळंल, पण उपयोग व्हायचा न्हाई."

नोकरीच्या कागदावर ते आमच्या सांगलीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. प्राचार्य त्यांना नुसतं 'शिकलगार' म्हणत. मी साताऱ्याहून तिथं कॉम्प्युटर विभागात शिकवायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की 'सर आहेत का?' असं विचारत जी मुलं येतात ती आम्हा शिकवणाऱ्यांपैकी कुणालाच शोधत नसतात. त्यांना शिकलगार हवे असतात. सरांचं गाव रहिमतपूर. वडील सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. सरांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि प्रोग्रॅमिंग जुन्या पुस्तकांवरून आपलं आपण शिकून घेतलं. अंगानं किरकोळ, शर्ट कायम फिकट रंगाचा, बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. चहा बशीत ओतून प्यायचे आणि पिताना बोलायचे नाहीत. कुणी काही विचारलं तर बशी रिकामी होईपर्यंत समोरच्यानं थांबायचं.

गेम जॅम सुरू करायची कल्पना त्यांचीच. शनिवारी सकाळी एक विषय द्यायचा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्या विषयावर कॉम्प्युटरवर खेळता येईल असा छोटासा खेळ तयार करायचा, अशी ही स्पर्धा. मोठ्या शहरांत ती सलग दोन दिवस, रात्री जागून चालते. तशीच करू, असं आम्ही तरुण मंडळी म्हणालो. सर म्हणाले, "जत-आटपाडीच्या पोरींना घरचे रातभर हितं बसू देतील का? म्हंजे त्या आधीच बाद. आणि आपण बोर्ड लावणार, सर्वांसाठी खुली स्पर्धा." मग आमची स्पर्धा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अशी दोन दिवस होऊ लागली. सहाला लॅबला कुलूप लागायचं आणि किल्ली सरांच्या खिशात जायची. सगळ्यांनी लॅबच्याच मशीनवर काम करायचं, म्हणजे कुणाचा लॅपटॉप भारी आणि कुणाचा जुना ही भानगड नको. पेन ड्राइव्ह दारात जमा. इंटरनेट बंद. आधी केलेलं काही आणायचं नाही. तयार चित्रं आणि आवाज आम्ही प्रत्येक मशीनवर ठेवायचो. त्यातलं काय काय वापरलं ते मुलांनी शेवटी कागदावर लिहून द्यायचं. "उसनं घ्या," सर म्हणायचे, "पण सांगून घ्या."

परीक्षक म्हणून ते प्रत्येक खेळ शेवटपर्यंत खेळायचे. आम्ही बाकीचे पाच-सात मिनिटं बघून गुण टाकायचो. एका वर्षी इस्लामपूरच्या एका मुलानं भिंतीवर चढणाऱ्या मुंगीचा खेळ केला होता. दुसऱ्या टप्प्यावर एक उडी इतकी अवघड होती, की आम्ही तिघं परीक्षक तिथंच मरून पुढच्या मशीनवर गेलो. सर तिथं पाऊण तास बसले. शेवटी त्यांनी आम्हाला हाक मारली. तिसऱ्या टप्प्यात भिंत संपून छप्पर लागत होतं, आणि छपरावरून मुंगीला सगळं गाव दिसत होतं, एकेक खिडकी उजळत जाणारं. आम्ही त्याला मघाशी सर्वांत कमी गुण दिले होते. सर त्या मुलाला म्हणाले, "गड्या, ती उडी लय अवघड केलीस. हितवर कुणी आलंच न्हाई. पण तू रस्ता केलावतास, आमीच आलो न्हाई." आम्ही गुणपत्रिका परत घेतल्या.

संस्थेच्या एका विश्वस्तांचा पुतण्या एका वर्षी स्पर्धेत होता. प्रेक्षकांच्या पसंतीचं एक बक्षीस असायचं, त्याची मतं मोबाईलवरून घेत होतो. सभागृहात माणसं दीडशे आणि त्या एका खेळाला मतं चारशेच्या वर. नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र असे सगळे घरबसल्या मत देत होते. सरांनी ती मतं रद्द केली, जुन्या प्रिंटरचं खोकं आणून त्याला भोक पाडलं आणि जाहीर केलं, की जो माणूस खेळ खेळून बघेल त्यालाच चिठ्ठी मिळेल. विश्वस्तांचा फोन आला. सर उभे राहूनच बोलले. "व्हय साहेब... न्हाई साहेब... तुमीबी या की, खेळा, चिठ्ठी देतो." पुतण्याचा खेळ तिसरा आला आणि तो खरोखर तिसऱ्याच्याच लायकीचा होता.

नियम मोडणारेही दरवर्षी कुणीतरी सापडायचे. दोन मुलांनी एकदा आपला सेमिस्टरचा प्रोजेक्टच, नाव बदलून, स्पर्धेतला खेळ म्हणून लावला. तो त्यांनी लॅबमध्ये कसा आणला हे सरांनी विचारलंही नाही. शनिवारी दुपारी त्यांना बाजूला नेऊन म्हणाले, "हरणं हा खेळातलाच भाग हाय. पण तुमी हरलाबी न्हाई. तुमी खेळलाच न्हाई. अजून उद्याचा अख्खा दिवस हाय, बसा." ती मुलं बसली. रविवारी त्यांनी एक अगदी साधा, अर्धवट खेळ करून दाखवला. सर तोही शेवटपर्यंत खेळले. ह्या प्रकाराची वाच्यता त्यांनी कुठंच केली नाही.

पण ती झालीच. एका पालकांनी लेखी तक्रार दिली, की शिकलगार चोरी झाकतात. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "इथून पुढं जे काही असेल ते स्टेजवर, सगळ्यांसमोर." सरांनी मान हलवली. त्यानंतरच्या वर्षी रूपाली बंडगर आली.

जत तालुक्यातल्या एका वस्तीवरची मुलगी. घरची मेंढरं. वडील वर्षातले सहा-सात महिने कळप घेऊन कृष्णाकाठच्या गावांतून फिरतीवर. ही दुसऱ्या एका कॉलेजात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. बाकीच्यांचे तिघा-चौघांचे गट, ही एकटीच. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा पहिलाच शनिवार होता तो. विषय दिला होता, 'वाट'.

तिच्या खेळात एक बाई कळप घेऊन निघते. खेळणाऱ्यानं त्या बाईला चालवायचं, मेंढरं आपोआप मागं येतात. रस्त्यावर ट्रक, पुढं कॅनॉल, कुणाचं तरी उभं पीक. दिसायला साधाच खेळ. पण ती मेंढरं! एक बिचकलं की शेजारची चार बिचकायची, एक वळलं की सगळा कळप पाण्यासारखा वळायचा. दुसरे एक परीक्षक म्हणाले, "हे दोन दिवसांत? एकटीनं?"

सरांनी खेळ शेवटपर्यंत खेळला. मग नेहमीप्रमाणे तिच्या फायली उघडून बघितल्या आणि त्यांचा हात थांबला. प्रत्येक फाइलवर सुट्टीतली तारीख होती. स्पर्धेच्या तीन आठवडे आधीची.

"हे कवा केलंस?"

"हितंच केलं, सर. काल आणि आज."

"तारीख सुट्टीतली दाखवतीया."

"तारखेचं मला म्हाईत न्हाई, सर. पण हितंच केलंय."

"पेन ड्राइव्ह आत आणलावतास?"

"न्हाई, सर."

सर परत स्क्रीनकडं बघत राहिले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. आम्हाला तिला म्हणता आलं असतं, की ह्यातली चार मेंढरं आमच्यासमोर उलटी चालवून दाखव. मी म्हणाले नाही. सरही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी स्टेजवरून त्यांनी नाव घेऊन सांगितलं, की रूपाली बंडगर यांचा खेळ आधी तयार केलेला असल्यामुळे बाद करण्यात येत आहे. आवाज नियम वाचतानाचाच होता. ती उठली, सॅक उचलली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं दारापर्यंत चालत गेली. रडली नाही. सगळं सभागृह मान वळवून बघत होतं. पहिला नंबर कऱ्हाडच्या दोन मुलांना गेला.

जानेवारीच्या शेवटी लॅबचं वायरिंग नव्यानं केलं. चार दिवस वीज बंद होती. पाचव्या दिवशी सर मशीन एकेक करून सुरू करत होते. इंटरनेट अजून जोडलेलं नव्हतं. मी माझ्या टेबलाशी पेपर तपासत होते.

"मॅडम, जरा हिकडं या."

सतरा नंबरच्या मशीनसमोर ते बसले होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात चार दिवसांपूर्वीची तारीख होती. मला काही कळेना. त्यांनी मशीन बंद केलं, पाठीमागचं झाकण उघडलं आणि नाण्याएवढा चपटा सेल काढून तळहातावर ठेवला.

"वीज नसताना घड्याळ ह्याच्यावर चालतं," ते म्हणाले. "ह्यो गेलाय. वीज गेली की ह्या मशीनचं घड्याळ थांबतंय, आणि आली की थांबलं तिथनंच पुढं चालतंय. एरवी इंटरनेट असतंय, ते तारीख आपोआप नीट करतंय. म्हणून कवा ध्यानात आलं न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद होता, त्यो स्पर्धेच्या सकाळीच लावला. आणि स्पर्धेला इंटरनेट आपणच बंद ठेवलं. कुणी नक्कल करू ने म्हणून."

मग त्यांनी कपाटातून स्पर्धेची वही काढली. कोण कुठल्या मशीनवर बसलं ते त्यात लिहिलेलं असायचं. बोट फिरवत ते सतरावर आले. बंडगर.

चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "अडीच महिनं झालं, मॅडम. अडीच महिनं ती पोरगी चोर म्हणून फिरतीया. आणि ती तारीख त्या दिवशीबी हितंच, कोपऱ्यात दिसत असणार. मी फायलीतली बघितली. ही बघितली न्हाई."

प्राचार्य म्हणाले, "झालं ते झालं. आता जुनं उकरून काय उपयोग? कॉलेजचं नाव खराब होईल." सर म्हणाले, "मशीन माझ्या ताब्यात हायेत, साहेब. सेल बघायचं काम माझं. कॉलेजचं कशाला, माझं नाव घाला." निकाल चुकल्याचं पत्र कॉलेजच्या कागदावर मिळेना, तेव्हा त्यांनी साध्या कागदावर स्वतःच्या सहीनं लिहिलं. दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावून त्यावर आपलीही सही केली. का केली, ते ते कधी बोलले नाहीत. कऱ्हाडच्या मुलांना सरांनी फोन केला. "तुमची कायबी चूक न्हाई. पण पैला नंबर तुमचा नव्हता." त्यातल्या एकानं पुढं दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी विजेत्याची ढाल एसटीच्या पार्सलनं आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"मॅडम, तुमी चला संगं," सर म्हणाले. "पोरीचं घर हाय."

जतच्या पुढं फाट्यावर उतरून आम्ही दीड-दोन किलोमीटर चालत गेलो. दोन्हीकडं बोडके माळ, मधेच एखादं डाळिंबाचं शेत. वस्तीवर रूपालीची आई आणि चुलते होते, वडील कळपाबरोबर लांब. रूपाली घरीच होती. कॉलेजला जाणं तिनं सोडल्यासारखंच होतं. परीक्षेपुरती जाईन म्हणत होती.

चुलत्यांनी पाणी दिलं आणि बसायला सांगायच्या आधीच म्हणाले, "सर, आमच्या घरात चोर न्हाई कुणी."

"म्हाईत हाय," सर उभ्यानंच म्हणाले. "त्येच सांगाय आलोय."

शेजारच्या घरातली माणसंही गोळा झाली होती. सरांनी खिशातून तो सेल काढला आणि सगळं सांगितलं, कॉम्प्युटर कधी न बघितलेल्या माणसालाही कळेल असं. मग पत्र वाचलं. ढाल रूपालीच्या आईच्या हातात दिली. आईनं ती उलटसुलट करून बघितली आणि पदरानं पुसली.

रूपाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "सर, तुमी मला ईचारलं, कवा केलंस. मी सांगितलं, हितंच केलं. तवा तुमी माझ्याकडं बघितलंच न्हाई. तारखेकडं बघत हुता."

"व्हय," सर म्हणाले.

"आणि हितं सांगून काय उपयोग? हितं मला कोण चोर म्हणत न्हाई. तिकडं कॉलेजात पोरं मला 'पेन ड्राइव्ह' म्हणून हाक मारत्यात."

चुलते तिला दटावायला पुढं झाले. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "बरोबर बोलतीया ती. उद्या तिथं जातो. तू येणार का?"

"न्हाई."

"बरं. मी जातो."

माफ कर, असं ते म्हणाले नाहीत. परतीच्या एसटीत मी तसं विचारलं, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी माफी मागितली की तिनं 'असू दे सर' म्हणायचं. घरातली मोठी माणसं समोर, दुसरं काय म्हणणार? पुन्यांदा तिच्यावरच ओझं."

दुसऱ्या दिवशी ते तिच्या कॉलेजात गेले. प्राचार्यांच्या केबिनबाहेर दोन तास बाकावर बसले. मग तिच्या वर्गात उभे राहून त्यांनी तेच पत्र, त्याच आवाजात, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. तिच्या एका मैत्रिणीनं मला नंतर सांगितलं, की वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, "समजलं न्हाई असं कुणी हाय का?" पुढच्या सोमवारी रूपाली कॉलेजला गेली.

पुढच्या स्पर्धेत नियम वाचायच्या आधी सर स्टेजवर आले. गेल्या वर्षी काय घडलं ते त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "नियम मोडणाऱ्याला आपण बाद करतो. माणसाचं नीट ऐकून घेतल्याबिगर निकाल द्यायचा न्हाई, ह्यो नियम कागदावर नव्हता, पण व्हता. त्यो मी मोडला. म्हणून मी परीक्षक न्हाई." आम्ही खूप समजावलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. पुढची तीन वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते मशीन लावायचे, सेल तपासायचे, दारात पेन ड्राइव्ह जमा करून घ्यायचे. गुणपत्रिकेला त्यांनी परत हात लावला नाही. नियमांच्या कागदावर मात्र एक ओळ वाढली होती. कुणावर संशय आला तर त्याच्याच शेजारी बसायचं, त्याला आपल्या खेळात एक बदल समोर करून दाखवायला सांगायचं, आणि तोवर कुणी काही बोलायचं नाही. त्या ओळीमुळं दोघं खरोखर पकडले गेले. चार मुलं सुटली.

रूपाली स्पर्धेला परत कधी आली नाही. सध्या ती पुण्यात एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. अधूनमधून फोन करते. सर गेल्याचं मी तिला कळवलं, तेव्हा कधी, कुठं ते तिनं आधी विचारून घेतलं. मग म्हणाली, "माझा राग गेला न्हाई, मॅडम. सरांना त्ये म्हाईत हुतं. दर दिवाळीला फोन करायचे. बरी हायस का, एवढंच ईचारायचे."

सरांना मी शेवटचं भेटले ते रहिमतपुरात, ते जाण्याच्या चार-पाच महिने आधी. साताऱ्याला माहेरी आले होते, म्हटलं जाऊन यावं. घरी कळलं, की ते बाजारपेठेत एका शिंप्याच्या दुकानात असतील. दुकानाच्या फळीवर चार म्हातारे कॅरम खेळत होते आणि सर बाजूच्या स्टुलावर बसले होते. खूप वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी बसा म्हटलं. माझ्या मुलीचं, कॉलेजचं विचारलं. तेवढ्यात बोर्डावर भांडण पेटलं. एकाच्या शर्टाची बाही लागून राणी भोकात गेली, असं दुसऱ्याचं म्हणणं. पहिला म्हणे, लागलीच नाही. आवाज चढले.

"शिकलगार, तुमी सांगा," एक जण म्हणाला.

"मी मॅडमशी बोलत हुतो. मला दिसलं न्हाई."

"आवं, अंदाजानं तर सांगा."

"अंदाजानं न्हाई सांगायचा."

मग ते स्टुलावरून थोडे पुढं वाकले आणि ज्याच्यावर आळ होता त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहिले. "बाबूराव, तुमी सांगा. बाही लागली का?"

बाबूरावांनी बोर्डाकडं बघितलं, मग आपल्या बाहीकडं. सर थांबले होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"लागली," बाबूराव म्हणाले.

सरांनी मान हलवली, भोकात हात घालून राणी काढली आणि बोर्डाच्या मधोमध ठेवली.